पावणेतीनचे सात

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते माझं मलाच नीट कळलेलं नाही.

आमच्या घरात आकडा म्हटला की मला विचारतात. टाकीतलं पाणी किती दिवस पुरेल, आमच्या सोनिवलीहून बदलापूर स्टेशन किती मिनिटं. मी अंदाजाने बोलत नाही. बघून, मोजून सांगतो. म्हणूनच तर — पण क्रमाने सांगतो.

माझी धाकटी बहीण नंदा लग्नानंतर कोलकात्याला गेली. अडतिसाव्या वर्षी तिला दिवस राहिले. तिला प्रवासाची बंदी, म्हणजे बाळंतपणाला माहेरी येणं नाही. मग आईनेच तिकडे जायचं ठरलं. जावई न्यायला यायला तयार होते. अडचण एकच. आईच्या पायांना सूज यायची आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, सलग तीन तासांहून जास्त बसायचं नाही. रेल्वेचा दीड दिवस तर नकोच. विमानतळापर्यंतची टॅक्सी वाटेत थांबवता येते. विमान कसं थांबवणार?

आईने मला विचारलं, विमानाला किती वेळ लागतो.

मी बघितलं. मुंबई ते कोलकाता हवाई अंतर साधारण साडेसोळाशे किलोमीटर, वेळ पावणेतीन तास. आकडा समोर होता. आणि मी म्हणालो — सात.

का? मी आणि बायको दोघंही अंबरनाथला कामाला. मुलं शाळेतून आली की आई त्यांना गरम वाढायची. ती दोन महिने नसती तर काय झालं असतं? डबा लावला असता. शेजारच्या काकू मुलांकडे बघायला तयारही होत्या. एवढंच होतं. एवढ्यासाठी.

आई म्हणाली, "तू बोललास म्हंजे तेवढंच असणार. तुझा आकडा कधी चुकत नाय."

तिने डिंकाचे लाडू वळले, जुन्या लुगड्यांची दुपटी-झबली शिवली. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये जाऊन ते पार्सल मीच कुरियरला दिलं. मुलगी झाली. आईने नात फोनवर पाहिली.

संध्याकाळी ती गच्चीत जायची. पूर्वेकडे जाणारं विमान दिसलं की माझ्या मुलांना सांगायची, आता पाच वाजले, हे बाराला नंदाकडे पोचणार. जेवणं झाल्यावर घड्याळाकडे बघून म्हणायची, अजून वाटेतच असंल बिचारं. मी ताट उचलायचो. ते केव्हाच उतरलेलं असायचं. एकदा तरी सांगायला हवं होतं — नाही का?

नात पाच महिन्यांची असताना आई गेली. दिवसांना नंदा आली, राहिली, परत गेली. काही बोलली नाही.

यंदा भाचीच्या वाढदिवसाला मी पहिल्यांदा विमानाने कोलकात्याला गेलो. खिडकीशी बसून सारखा घड्याळ बघत होतो. घराच्या दाराशी नंदा उभी होती, कडेवर मुलगी, अंगावर आईच्या लुगड्याचं झबलं. माझी पिशवी घेत ती हळूच म्हणाली, "दादा, सात तास झाले का रे?"

म्हणजे आईने फोनवर सात तासांचं सांगितलं, त्या दिवसापासून तिला ठाऊक होतं. खरा आकडा तिने आईला सांगितला असता, तर आईला माझं खोटं कळलं असतं. म्हणून ती आईविना बाळंत झाली.

मी म्हणालो, "नाही. दोन तास एकेचाळीस मिनिटं."