भोंग्यावरचा हुसेनमियाँ

आमच्या सौदीतल्या यान्बूच्या इंग्लिश शाळेत दुपारची घंटा नावापुरती होते. तिच्यावर कुणी सुटत नाही. फाटक बंद, मुली आत पत्र्याच्या सावलीत, बाहेर बापांच्या गाड्यांची रांग. गाडी फाटकाशी आली की हारिस, म्हणजे शाळेचा दारवान, माइकवर बापाचं नाव आणि वर्ग पुकारतो, आणि तेवढीच मुलगी बाहेर पडते. पोरीचं नाव रस्त्यावर घ्यायचं नाही, हा इथला रिवाज. आमचा हारिस हुसेनमियाँ. महाडकडचा, माझ्या माहेराच्या बाजूचा, म्हणून मी त्याला चाचा म्हणायची.

मी उझमा, मुलींना समाजशास्त्र शिकवते. माझ्या जिभेला हाड नाही असं माझा नवराच चारचौघांत सांगतो, तेव्हा ऐकायचं तर तसंच ऐका.

ही शाळा रिफायनरीतल्या इंजिनियरांच्या बायकांनी भाड्याच्या व्हिलात काढली. हॉलमध्ये केजी, बेडरूममध्ये पाचवी, स्वयंपाकघरात सायन्सची लॅब. हुसेनमियाँ तेव्हापासून फाटकावर. पुढे वर्ग दहावीपर्यंत चढले, मोठी इमारत झाली, सकाळी मुली आणि दुपारी मुलगे अशी पाळी लागली, भिंतीभिंतीवर ‘इंग्लिश ओन्ली’च्या पाट्या आल्या. पाट्या लावल्या कुणी? हुसेनमियाँनंच, शिडीवर चढून. त्यातलं एक अक्षर त्याला वाचता येत नव्हतं.

त्याची बायको तस्नीम आणि मुलगी लाइबा, तिघं शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत राहायची. लाइबा उशिरा झालेली, एकुलती एक. स्टाफची मुलगी म्हणून तिला इथं फी नव्हती, आणि ती हुशार होती, उगाच कशाला नाकारू. यंदा दहावीला होती. त्या घरात दहावीला बसणारी पहिलीच. चाचाचं सगळं आयुष्य त्या एका परीक्षेवर येऊन थांबलं होतं.

आणि नेमकं त्याच वर्षी डोळ्यांनी दगा दिला. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. मी म्हटलं, “चाचा, ऑपरेशन करून घ्या, लोक चहा पिऊन घरी येतात.”

“रिपोर्ट ऑफिसात जातो, बाय,” तो म्हणाला. “आंधळा हारिस कोण ठेवेल? नोकरी गेली की माझा इकामा गेला, इथं राहायचा परवानाच गेला, माझ्याबरोबर तस्नीमचा न् लाइबाचा पण. दहावीत मधेच शाळा बदलता येत नाही, तूच सांगतेस ना? मार्च होऊ दे. मग महाडला जाऊन डोळे पण करीन न् आराम पण करीन.”

बरोबरच होतं त्याचं. बोर्डात नाव नववीतच जातं. वर्ष बुडालं असतं पोरीचं.

मग तो गाड्या ओळखायचा कसा? हॉर्नवरून. वर्षानुवर्षं तेच बाप, त्याच गाड्या. कुणाचा हॉर्न घोगरा, कुणाचा केविलवाणा, कुणी दोनदा मारायचा, कुणी हात काढायचाच नाही. चाचा डोळे बारीक करून बघितल्यासारखं करायचा आणि बिनचूक पुकारायचा. कुणाला पत्ता नव्हता.

माशी शिंकली ती श्रीपाद देवस्थळींच्या नव्या गाडीमुळे. देवस्थळी रिफायनरीत मोठ्या हुद्द्यावर, वर्षभरापूर्वीच रियाधहून आलेले आणि आल्या आल्या शाळेच्या कमिटीवर निवडून आलेले. त्यांची सुरुची लाइबाच्याच वर्गात. त्या दिवशी गृहस्थ नव्या पांढऱ्या गाडीतून आले. हॉर्न वाजवला, चाचाला आवाज नवा. इथं दहातल्या आठ गाड्या पांढऱ्या. हा आपला उभा, ते आत एसीत बसलेले, काच खाली करायला हात दुखतात. सगळी रांग सुटली आणि सुरुची शेवटपर्यंत आत बसून राहिली. पोरगी रडली वगैरे काही नाही, चिप्स खात होती. पण साहेबांचा मान गेला ना, आणि म्हातारा डोळ्यांवर नाही, हॉर्नवर चालतो असा संशयही आला.

दुसऱ्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर कमिटीचा निरोप आला की आज कुणीही हॉर्न वाजवायचा नाही. मी चाचाला सांगायला धावले, तर प्रिन्सिपल मॅडम आधीच फाटकाशी उभ्या, शेजारी देवस्थळी. चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसांनी एका म्हाताऱ्याची परीक्षा मांडली होती, तीही सगळ्या शाळेपुढे.

गाड्या लागल्या. एक हॉर्न नाही. चाचानं माइकचं बटण दाबलं आणि तसाच थांबला. पहिल्या गाडीकडे तोंड करून बघत राहिला, घाम कानामागून गळ्यात उतरत होता. फाटक अर्धवट उघडं, आणि दहावीच्या मुली सगळ्यांत पुढे. लाइबा बापाच्या खांद्यापासून हातभर अंतरावर. गाडी कुणाची ते तिनं नुसतं पुटपुटलं असतं तरी भागलं असतं.

कुणीतरी कुजबुजलं असावं, कारण सुरुचीनं तिला विचारलं, “इज ही युअर डॅड?”

लाइबा म्हणाली, “नो. ही इज जस्ट द हारिस.”

बटण दाबलेलंच होतं. भोंग्यातून ते वाक्य साऱ्या रस्त्यावर गेलं. चाचाला इंग्रजी वाचता येत नसेल, पण डॅड आणि हारिस कुणाला कळत नाही?

त्यानं बटण सोडलं. “साहेब, मला दिसत नाही,” तो म्हणाला. “कधीपासूनच दिसत नाही.”

मुली तशाच आत ठेवून मॅडमनी तिथल्या तिथे गेटच्या खोलीत बैठक घेतली. मी न बोलावता घुसले आणि तोंडाला येईल ते बोलले. पोरीची दहावी आहे, तुमच्या मुलीची तेवढी दहावी न् दारवानाच्या मुलीची काय पापडलोणची? आणि खरं सांगते, देवस्थळी वरमले. “मी काय कसाई आहे का?” म्हणाले. “मार्चपर्यंत त्यांना स्टोअररूममध्ये बसवू. पगार चालू, इकामा चालू. परीक्षा झाली की जातील.” मॅडमनी लगेच मान डोलावली. मला वाटलं, जिंकलो.

चाचा म्हणाला, “नको. खलास. एक्झिट लावा माझी, महाडला जातो.”

“अहो चाचा, लाइबाचं वर्ष जाईल.”

“तिचा बाप इथं नोकरीला नाही,” तो म्हणाला. “तिनंच सांगितलं, सगळ्यांनी ऐकलं. मग दुसऱ्याच्या पोरीसाठी मी स्टोअरात कशाला बसू?”

मी हात जोडले. पोरगी चुकली, नालायकासारखी बोलली, तिच्या दोन थोबाडीत द्या, मी पण देते. पण वर्ष जाळू नका. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. तस्नीम मागच्या खोलीतून पदर सावरत धावत आली, तिच्याकडे त्यानं मान वळवली नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत मी त्या माणसाला कुणावर डाफरताना पाहिलं नव्हतं. इतका विखार त्याच्यात होता कुठे, देव जाणे.

तो बाहेर आला तेव्हा लाइबा वाटेत उभी होती. मागे तिचा सबंध वर्ग, सुरुची, सगळ्या. भिंतीवर पाटी. पोरीला आता कशाची शुद्ध नव्हती, ती आपल्या घरच्या बोलीत सगळ्यांदेखत ओरडून रडत होती. “अब्बा, असं नका करू. अब्बा, मी लाइबा.”

तिनं त्याची बाही धरली. त्यानं एकेक बोट सोडवलं, हळूच, एखाद्या परक्याच्या पोरीचं सोडवावं तसं.

“मला दिसत नाही, बाय,” तो म्हणाला. “कुणाची तू?”