मचाण चौदा फुटांवर

मी पुलांची तपासणी करते. एडिनबरातल्या एका फर्ममध्ये वीस वर्षं हेच चाललंय: उंचावर चढायचं, तडे शोधायचे, फोटो काढायचे, रिपोर्ट लिहायचा. त्यामुळे मचाण किती उंच बांधायचं हा प्रश्न आला, तेव्हा शेवटचा शब्द माझा ठरला. मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

मचाण हरणांसाठी होतं. शहरापासून तासाभरावर मी राहते त्या गावाने मिळून एक उघडी टेकडी विकत घेतली होती, तिथे पुन्हा रान उभं करायचं म्हणून. माझी मुलगी युनिव्हर्सिटीसाठी नॉटिंगहॅमला गेली, घर रिकामं झालं आणि मी दर शनिवारी टेकडीवर रोपं लावायला जाऊ लागले. बर्च, ओक, रोवन. तीन हिवाळे लावली. तिन्ही हिवाळ्यांतली रोपं हरणांनी शेंड्यापासून खुडून खाल्ली. इथली रो हरणं दिसायला शेळीएवढी, पण एका आठवड्यात शंभर रोपांचे नुसते दांडके करून ठेवतात. लांडगे या देशातून कधीच संपले. हरणांना खाणारं कोणी उरलं नाही.

गावाच्या मीटिंगमध्ये बरीच भांडणं झाली आणि शेवटी ठरलं की दर हिवाळ्यात थोडी हरणं मारायची. आता मारणार कोण, हा प्रश्न होता. मग मागच्या रांगेतून एक हात वर झाला. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ होते, उभा जन्म जंगलखात्याच्या नोकरीत गेलेला. ते म्हणाले, एकट्याने जमणार नाही, कोणीतरी शिकायला हवं. मी हात वर केला. का केला, ते आजही धड सांगता येत नाही. ती रोपं मी लावली होती, एवढंच.

आमचं घर बौद्ध. नागपूरला माझे बाबा अजून रोज सकाळी पंचशील म्हणतात. प्राणी मारणार नाही, हे त्यातलं पहिलंच शील. फोनवर ते विचारायचे, "टेकडीवरची झाडं कशी आहेत?" मी म्हणायचे, "वाढतायत, बाबा." बंदुकीचं लायसन्स आलं, परीक्षा पास झाले, पहिली मादी मारली, तिचं पोट फाडून आतडी बाहेर काढायला शिकले, यातलं काहीही मी त्यांना सांगितलं नाही.

शिकवणाऱ्या त्या गृहस्थांना मी मनातल्या मनात सर म्हणायचे. इंग्रजीत आम्ही एकमेकांना नावानेच हाक मारत होतो, पण मराठीत विचार करताना ते आपोआप अहो-जाहो व्हायचे. बोलणं कमी. दोन हिवाळे त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली म्हटलं तरी चालेल: हरीण दिसलं की आधी हरणाच्या मागे काय आहे ते बघ. रायफलची गोळी हरणातून आरपार जाते. तिला अडवायला मागे माती हवी. माती दिसत नसेल तर बोट ट्रिगरवर जाताच कामा नये.

आणि मी नेमकं तेच केलं.

नोव्हेंबरची संध्याकाळ होती. टेकडीच्या मधोमध एक मोकळी जागा आहे, तिच्या एका कडेला लार्चच्या झाडाशी सरांनी पूर्वी बांधलेलं लाकडी मचाण होतं, जेमतेम आठ फुटांचं. मी एकटीच बसले होते. समोर सत्तरेक मीटरवर, जिथे जमीन खाली उतरायला लागते त्या कडेवर, एक नर येऊन आडवा उभा राहिला. मी रायफलचा सेफ्टीचा खटका काढला, श्वास सोडला, बोट ट्रिगरवर ठेवलं. तेवढ्यात त्याच्या पाठीच्या रेषेमागे काहीतरी लाल हललं.

जॅकेट होतं. कडेच्या पलीकडे, खालच्या पायवाटेवरून कोणीतरी कुत्र्याला घेऊन वर येत होतं. तोवर फक्त डोकं आणि खांदे दिसत होते. हरीण उडी मारून गेलं. त्या बाईने मला पाहिलंही नाही. कुत्र्याशी काहीतरी बोलत ती निघून गेली. काडतूस बाहेर काढताना माझ्या हातून ते खाली पडलं आणि मग उतरून पालापाचोळ्यात मी ते गुडघ्यांवर बसून शोधत होते.

सरांना फोन करून फक्त सांगितलं, आज काही आलं नाही.

सांगितलं असतं तर त्यांनी मला कदाचित वर्षभर रायफलला हात लावू दिला नसता. ती भीती होतीच. पण खरी गोष्ट लाजेची होती. दोन वर्षं त्यांनी एकच गोष्ट शिकवली होती.

डिसेंबरात लाकडी मचाणाच्या पायऱ्या कुजल्याचं लक्षात आलं आणि नवीन लोखंडी मागवलं. त्याची शिडी तुकड्यातुकड्यांची. नेहमीच्या तुकड्यांनी दहा फूट होते, वर चार फुटांचा जोड लावला की चौदा. सर आणि मी त्याच लार्चखाली उभे राहिलो.

"दहा पुरे," ते म्हणाले.

"दहा फुटांवरून मारलेली गोळी त्या कडेपलीकडे जाईल," मी म्हणाले. "उतार गोळीच्या कोनापेक्षा जास्त आहे. मी काढून बघितलंय." आणि खिशातून कागद काढला. तीन संध्याकाळ घालवून मी ते काढलं होतं: मचाणाची उंची, कडेपर्यंतचं अंतर, पलीकडचा उतार, पायवाट.

त्यांनी कागद हातात घेतला, बघितला, परत दिला. "बरोबर आहे. म्हणून कडेवरचं हरीण मारायचंच नाही. साठ मीटरवर एक खांब ठोकू. खांबापलीकडे हरीण म्हणजे ते आपल्यासाठी नाहीच."

"माणूस विसरतो."

"जो विसरतो त्याने बंदूक घरी ठेवावी."

मी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "चौदा फुटांवरून गोळी जमिनीतच जाईल. कोणी विसरलं तरी."

ते शिडीकडे बघत होते. "चार फूट जास्त म्हणजे दर वेळी चार फूट जास्त चढायचं आणि उतरायचं. हिवाळ्यात, पहाटेच्या अंधूक उजेडात, दवाने भिजलेल्या लोखंडावर." मग माझ्याकडे वळून त्यांनी सरळ विचारलं, "तुला इथे काही दिसलंय का?"

"नाही," मी म्हणाले.

"नक्की?"

"नाही. फक्त हिशेब सांगतेय. आणि मी हार्नेस आणते, बसल्यावर अडकवायला."

ते जोडाकडे वळले. मग म्हणाले, "पूल तू बघतेस. तुला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल." आणि जोड उचलून त्यांनी स्वतःच शिडीत बसवला.

हार्नेस मी आणला. वर बसल्यावर कमरेला अडकवायचा पट्टा. पण चढता-उतरताना अडकवायची जी दोरी असते, जमिनीपासून वरपर्यंत जाणारी, ती मी आणली नाही. कामावर तिच्याशिवाय मी कोणाला पहिल्या पायरीवर पाय ठेवू दिला नसता. ही तर झाडाला टेकवलेली शिडी आहे, असं मला वाटलं. कदाचित हा विषय मला लवकर मिटवायचा होता.

जानेवारीच्या शेवटी एका सकाळी आम्ही दोघं गेलो. ते नव्या मचाणावर, मी टेकडीच्या दुसऱ्या अंगाला जुन्या एका बैठकीवर. नऊ वाजता दोघांनी उतरायचं आणि फोन करायचा, असं ठरलेलं. थंडी अशी की मिशीवर बर्फ जमावा. माझ्याकडे काही आलं नाही, त्यांच्याकडूनही गोळीचा आवाज नाही. नऊला फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. मग चालायला लागले, आणि थोड्या वेळाने धावायला.

ते शिडीच्या पायथ्याशी उताणे पडले होते. रायफल बाजूला पाठपिशवीवर नीट ठेवलेली, रिकामी. आधी आपण चढायचं आणि मग ती दोरीने वर ओढून घ्यायची, अशी त्यांची पद्धत होती; दोरी तिला बांधलेली होती. म्हणजे ते पहाटे चढतानाच पडले होते. अडीच तास झाले होते.

वीसेक पावलांवर एक मादी चरत होती. मला बघून ती पळाली.

"मघापासून इथेच होती ती," सर म्हणाले. आवाज अगदी साधा. "हात लावू नकोस मला. पाय सापडत नाहीयेत."

मी अंगातला कोट काढून त्यांच्यावर घातला, फोन केला. टेकडीवर गाडी येत नाही. हेलिकॉप्टर यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मी त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरून बसले, हलू नये म्हणून. त्यांच्या भुवयांवर दव गोठलं होतं. एकदा त्यांनी डोळे उघडून वर शिडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "शेवटून दुसरी पायरी." बाकी काही नाही.

पाठीचा कणा मोडला होता. कमरेखाली काही परत येणार नाही, असं तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं.

मुलगी, आता नॉटिंगहॅमलाच नोकरीला असलेली, ट्रेनने आली. तिचं मराठी घरापुरतं आहे. रात्री जेवताना ती म्हणाली, "आई, तुझा चूक नाहीये."

"तुझी चूक," मी सवयीने दुरुस्त केलं. चूक स्त्रीलिंगी. आणि म्हणता म्हणता तोंडातून काय बाहेर पडलं ते मला ऐकू आलं. तिलाही आलं असावं, कारण तिने चमचा खाली ठेवला. मग मी तिला लाल जॅकेटची गोष्ट सांगितली. हे ऐकणारी ती पहिली.

"Sir ला सांग," ती म्हणाली. "You have to."

पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये मी सरांना सांगितलं. खिडकीबाहेर पार्किंग होतं, एक माणूस गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. सर त्याच्याकडे बघत ऐकत राहिले. माझं संपल्यावर त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"मी विचारलं होतं तुला."

"हो."

"सांगितलं असतंस तर आपण ते मचाण तिथे ठेवलंच नसतं. पलीकडच्या बाजूला नेलं असतं, बर्चमध्ये. तिथून तोंड चढाकडे येतं. मागे सगळी मातीच. तिथे आठ फूटसुद्धा पुरले असते."

मी तीन संध्याकाळ कोन काढत बसले होते. मोकळ्या जागेच्या पलीकडे जाऊन एकदा वळून बघितलं नव्हतं. आणि त्यांना बघायचं कारणच मी दिलं नव्हतं.

"मला रागवा तरी," मी म्हणाले.

"दमलोय गं मी," ते म्हणाले. मग, "हिला सांगू नकोस." ही म्हणजे त्यांच्या पत्नी. "तिला कोणावर तरी राग काढायचाय. तो माझ्यावर काढू दे."

एप्रिलमध्ये त्यांना घरी आणलं. खालच्या खोलीत पलंग टाकला. मी दर रविवारी जायचे, त्यांच्या पत्नी चहा करायच्या. त्या मला धीर द्यायच्या. त्या वेळी आपण तिथे असायला हवं होतं म्हणून मी झुरतेय, असं त्यांना वाटायचं. सर भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. उन्हाळ्यात पडून पडून पाठीला जखमा झाल्या, त्या भरेनात. सप्टेंबरमध्ये जखमेतलं इन्फेक्शन रक्तात गेलं आणि चार दिवसांत ते गेले.

महिन्याभराने त्यांच्या पत्नींनी मला बोलावलं. फ्रीझर रिकामा करायचा होता. सरांनी स्वतः कापून पिशव्यांत भरलेलं हरणाचं मांस होतं, प्रत्येक पिशवीवर त्यांच्या अक्षरात तारीख. त्या पिशव्या ओट्यावर मांडत म्हणाल्या, "मी खाऊ शकत नाही. तू ने." मग माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "मला एकच समजत नाही. त्याचे गुडघे गेले होते, तो कोणाला सांगायचा नाही. आधीचं मचाण त्याने मुद्दाम बुटकं बांधलं होतं. मग नवं इतकं उंच कोणी ठरवलं?"

गुडघ्यांचं मला माहीत नव्हतं. म्हणजे सरांनीही काहीतरी लपवलं होतं.

सरांनी सांगू नकोस म्हटलं होतं. पण आता त्यांच्या पत्नींनीच विचारलं होतं, आणि तिथे उभं राहून पुन्हा एकदा खोटं बोलणं मला जमलं नाही.

"मी ठरवलं," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं: लाल जॅकेट, कागद, सरांनी दोनदा विचारलेला प्रश्न, माझं दोनदा नाही, न आणलेली दोरी.

 माझं संपल्यावर त्यांनी ओट्यावरच्या पिशव्या एकेक करून पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवल्या, झाकण लावलं, हात पुसले.

"त्याला हे माहीत होतं?"

"हो. फेब्रुवारीपासून."

"आणि तू दर रविवारी इथे येऊन माझ्या हातचा चहा प्यायलीस."



"जा आता," त्या म्हणाल्या.

मी कोट घेतला आणि निघाले. त्यानंतर त्या मला भेटलेल्या नाहीत. गावच्या दुकानात समोरासमोर आलो तर त्या दुसऱ्या रांगेत जातात, आणि मी त्यांना जाऊ देते.

गावाने ते मचाण उतरवलं, बर्चच्या बाजूला सहा फुटांचं एक लावलं. तिथे आता बाहेरून पगारी माणूस येतो. माझी रायफल मी डीलरकडे देऊन टाकली, लायसन्स परत केलं. रोपं लावायला अजून जाते. काही टिकतायत, काही नाही. या दिवाळीत नागपूरला गेले तेव्हा बाबांना सगळं सांगितलं, हरणांपासून सुरुवात करून. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "तुझ्या सरांच्या पत्नींना कोणी आहे का जवळ?"

एक बहीण आहे, मी म्हणाले. दूर असते.