टीवायच्या पोरींची गाडी

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील मोर्च्यांची पत्रकं वाटायचे आणि उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवायची. म्हणून काही सांगायचं झालं की माझ्या तोंडी आधी हाक येते.

बीएच्या शेवटच्या वर्षाला असताना कंडक्टरनं सांगितलं, सकाळची गाडी बंद होणार. डोंगराकडच्या वाड्यांतून वडवणीला कॉलेजात येणाऱ्या पोरींना तेवढीच गाडी होती. माझ्या मैत्रिणीच्या वडिलांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं, "गाडी बंद तर कॉलेज बंद. जीपमधी कोंबून पाठवायची न्हाई." तिला बघून गेलेले पाहुणे परीक्षेपर्यंत थांबायला कसेबसे तयार झाले होते. आता तेही थांबले नसते.

मी पत्रक काढलं, 'पदवीच्या विद्यार्थिनींनो, जाग्या व्हा!' कॉलेजच्या फाटकात वाटलं. दुपारी स्टँडवर जमायचं होतं. जमलो आम्ही दोघीच.

मैत्रीण भडकली. "कोण गं ह्या विद्यार्थिनी? तुला कुणी हाक मारलीय का कधी, ये विद्यार्थिनी म्हणून?"

"मग काय लिहू?"

"एफवायची, एसवायची, टीवायची. माझी आज्जीसुद्धा टीवाय म्हणती. तिला वाटतं ती नोकरीच हाय."

खरंच होतं. विद्यार्थी आमच्याकडे भाषणात असतात. घरी, दुकानात, गाडीत पोरगी तिच्या वर्षानं ओळखली जाते. सोयरीक आणणारा तर आधी वर्षच विचारतो. टीवाय म्हटलं की खूश होतो. एफवाय म्हटलं की पुढं विचारतच नाही, कारण ती पोर कॉलेजात टिकते की नाही हेच अजून ठरायचं असतं.

दुसरं पत्रक मैत्रिणीनं सांगितलं तसं लिहिलं, 'टीवायच्या पोरींच्या आयांनो!' आणि ते कॉलेजात न वाटता आठवडी बाजारात मोठ्यानं वाचलं.

"माझी बी टीवायलाच हाय," भाजीवाली मावशी उठली. "कावून बंद करतेत गाडी?" तिनं मेथीवर ओलं फडकं टाकलं आणि शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं. बघता बघता स्टँडवरच्या एसटीच्या साहेबांची खोली आयांनी भरून गेली.

साहेबांनी पत्रक दोनदा वाचलं. दुसऱ्या वाचनाला त्यांचा चेहरा सैलावला. "टीवायच्या मुलींचाच प्रश्न आहे ना? त्यांची परीक्षा होईपर्यंत गाडी चालू ठेवतो."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी गाडीत एक पोर आमच्याजवळ येऊन दांड्याला धरून उभी राहिली. "ताई, तुमची परीक्षा झाल्यावर आमी एफवायवाल्यांनी काय करायचं?"

 

मी पिशवीतून कागद काढला. 'पदवीचे शिक्षण घेणाऱ्या सर्व...'

"सर्व म्हणलं की कुणीच येत न्हाई," मैत्रीण म्हणाली.

"आणि टीवाय म्हणलं की बाकीच्या सुटतात! सगळ्यांना धरील असा शब्द नको का?"

"तू शब्द शोध. तवर उन्हाळा लागंल."

वडवणी आली. मैत्रिणीनं त्या पोरीचा हात धरला आणि कॉलेजकडं न वळता तिला साहेबांच्या खोलीकडं ओढत नेलं. कागद पिशवीत कोंबून मी मागं धावले.

"आता काय?" साहेब म्हणाले. "तुमचं झालं ना काम?"

"माझं झालं. ही एफवायला हाय. हिची अजून दोन वर्षं ऱ्हायलीत."

"पुढचं पुढं बघू."

"न्हाई. आत्ताच बघा."

साहेब हसले. "एका पोरीसाठी गाडी सोडू?"

मी भाषणाला तोंड उघडलं. पण ती पोर आधी बोलली, मान खालीच ठेवून. "आमच्या एफवायला लई पोरी हायत साहेब. बोलवू का?"