गेटवरच्या बोर्डावरचा आकडा

आम्ही यावलकडचे. बाबा एका बागायतदाराकडे वर्षाच्या बोलीवर सालदार, आई त्याच बागेत रोजानं. केळीचा चीक कपड्यावर पडला की डाग काळा होतो आणि कितीही आपटा, निघत नाही. माझे शाळेतले परकर आईच्या जुन्या लुगड्यातून निघायचे, त्यामुळे डागही तेच असायचे. मी आठवीत असताना बाबा खांद्यावर घड घेऊन ओल्या बांधावरून घसरले. खांदा गेला. गावातल्या माणसानं बसवला, पण तो नीट बसलाच नाही. त्यानंतर त्यांचा उजवा हात डोक्याच्या वर कधी गेला नाही. मालकानं त्यांना काढलं नाही, ट्रॅक्टरवर बसवलं. हात डोक्याच्या वर जात नाही, पण स्टेअरिंगपर्यंत जातो. त्यावर घर चाललं. चाललं म्हणजे बंद पडलं नाही, इतकंच.

देवपूरच्या कॉलेजात संगणकाची पदवी घेतली. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. निकाल लागला त्या दिवशी मी घरी होते. आईनं विचारलं, "पास ना?" मी म्हटलं, "पास." ती भाकरी थापत राहिली. मलाही काही विशेष वाटलं नाही. लोक म्हणतात डोळ्यांत पाणी येतं वगैरे. मला नाही आलं.

जळगावच्या बाहेर एका जिनिंगमध्ये काम मिळालं. शेतकरी कापूस घेऊन येतात, वजन होतं, सरकी वेगळी निघते, गाठी बांधल्या जातात. तिथल्या व्यवस्थापकांना सगळे भाऊ म्हणत. भाऊ म्हणाले, "तीन महिने बघू. काम जमलं तर कायम, नाहीतर तू तुझ्या घरी." घरी म्हणजे केळीच्या पॅकिंगमध्ये. मालकानं बाबांना तसं सांगून ठेवलंच होतं.

काम टोकनचं होतं, म्हणजे आलेल्या गाडीला रांगेचा आकडा देण्याचं. आधी गेटवरचे नाना हातानं चिठ्ठ्या लिहून द्यायचे. नाना वीस-पंचवीस वर्षं त्या गेटवर होते. त्यांची एक पद्धत होती. रोजची पहिली चिठ्ठी कोणत्याच गाडीला द्यायची नाही. ती वजनकाट्याची. हळदकुंकू लावून काट्याच्या चौकटीत खोचायची. दुसऱ्या चिठ्ठीपासून गाड्या. मी टोकन संगणकावर आणलं तेव्हा भाऊंनी एकच अट घातली, "काट्याची चिठ्ठी बंद करायची नाही." मी कशाला बंद करू? सकाळी आले की पहिलं टोकन काढायचं, नानांच्या हातात द्यायचं, ते काट्याला. मग दिवस सुरू.

आकडे देण्याचं काम डेटाबेसमधला क्रम करतो. त्याला सिक्वेन्स म्हणतात. पुढचा आकडा मागितला की देतो आणि एकदा दिलेला आकडा परत देत नाही. सकाळी मी तो पुन्हा एकपासून लावायचे. आता भाऊंना गेटवर मोठा बोर्ड हवा होता. 'शेवटचे टोकन' आणि खाली आकडा. चोपड्याहून, यावलहून येणाऱ्यानं रस्त्यावरूनच बघावं, आत किती गाड्या आहेत, थांबायचं की दुसऱ्या जिनिंगला जायचं. त्या क्रमाला 'चालू आकडा किती' असंही विचारता येतं. मी तेच वापरलं. आठ दिवस माझ्या संगणकावर तपासलं. सकाळी काट्याची चिठ्ठी काढली, स्क्रीनवरच्या त्याच खिडकीत चालू आकडा विचारला, बरोबर आला. पुढचं टोकन काढलं, विचारलं, बरोबर. एकदाही चुकलं नाही. मी खूश होते. म्हणजे मला जेवढं खूश होता येतं तेवढी.

बोर्ड लागला त्या सकाळी गेटच्या केबिनमधल्या संगणकानं आकडा दाखवलाच नाही. या सेशनमध्ये चालू आकडा अजून ठरलेला नाही, असं सांगून गप्प बसला. सेशन म्हणजे त्या संगणकाची डेटाबेसशी लागलेली त्याची स्वतःची जोडणी. माझी वेगळी, त्याची वेगळी. मी ते दोनदा वाचलं.

भाऊ मागून म्हणाले, "अगं, त्याची बोहनी कुठे झाली? तुझ्या मशीनला रोज काट्याची चिठ्ठी असते. यालाही एक काढून दे."

मी शिकलेली. मला हसून सोडून द्यायला हवं होतं. पण पहाटेपासूनच्या गाड्या गेटवर ताटकळत होत्या, आणि ते म्हणाले तसं केलं तर बोर्ड पेटला. केबिनमधून एक टोकन काढलं. दोन आलं. बोर्डावर दोन दिसलं. नानांनी टाळी वाजवली. ते टोकन मी टेबलाच्या खणात टाकलं आणि आत कामाला गेले; गाड्यांची टोकनं आतल्या खिडकीतून निघायला लागली.

दहाच्या सुमारास बाहेर आवाज वाढला. चोपड्याकडचा एक म्हातारा शेतकरी, त्याला सगळे आबा म्हणत होते, टोकन हातात धरून बोर्डाखाली उभा होता.

"बाहेर दोन लिहिलंय म्हणून मी गाडी आत घातली. टोकन दिलं चव्वेचाळीस! मधले कुठे गेले? मागच्या दारानं वाटले का?"

मी बाहेर आले. बोर्डावर अजून दोनच होतं. सकाळपासून दोनच.

एक जण म्हणाला, "टोकनं दाखवा रे आपापली. एक कोणाचं?"

नाना म्हणाले, "एक काट्याचं. ते रोजचंच आहे."

"बरं. दोन कोणाचं?"

सगळ्यांनी आपापली टोकनं पाहिली. रांगेत तीन होतं, चार होतं, नऊ होतं. दोन कोणाकडेच नव्हतं. ते खणात होतं, पण बोर्ड का अडकला हे मलाच कळलेलं नव्हतं; आधी ते कळू दे, असं मी ठरवलं.

"बघा! दोनच गायब. आता बोला."

नऊ बाबांचं होतं. ते मालकाचा कापूस घेऊन पहाटेच येऊन थांबले होते. मला माहीत होतं, पण मी त्यांच्याशी बोलायला गेले नव्हते. कामाच्या वेळी कशाला, म्हणून. रांगेतल्या कोणीतरी आत बसणाऱ्या पोरीचा बाप म्हणून त्यांना ओळखलं.

"तुन्ही पोर आत बठेल शे ना? म्हणून तुले नऊ!"

बाबा ट्रॅक्टरवरून उतरले नाहीत. म्हणाले, "मी पाचले येल शे. नानाले इचार."

"नाना काय सांगतील, बठ्ठी, सगळी त्यांचीच माणसं."

आबा म्हणाले, "सालदाराची पोर खुर्चीवर बसली की असंच होतं."

बाबांनी मान खाली घातली नाही, वरही केली नाही. समोर बघत राहिले. मला राग यायला हवा होता. आला नाही. 

भाऊंनी मला बाजूला घेतलं. "हे बघ, बारापर्यंत बोर्ड नीट झाला तर ठीक. नाही झाला तर उद्यापासून नानांच्या चिठ्ठ्या. आणि तुझं काय करायचं ते मी बघतो." बोहनी त्यांनीच सुचवली होती, तो विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही.

केबिनमध्ये बसले. एका जोडणीतून आतल्या खिडकीसारखं टोकन काढायचं, दुसऱ्यातून फक्त विचारायचं, असं वेगळ्या नकली क्रमावर करून बघितलं. खऱ्याला हात लावला नाही. पहिल्या जोडणीतून पाच आकडे काढले. दुसरीनं एकही न काढता विचारलं, नकार. दुसरीनं एक काढला, सहा आला. पहिलीनं पुढं वीसपर्यंत नेलं. दुसरीला विचारलं. सहा.

तेव्हा कळलं. चालू आकडा विचारला की तो सगळ्यांचा सांगत नाही. तुम्ही स्वतः तुमच्या जोडणीतून शेवटी काय घेतलं, तेवढंच सांगतो. माझ्या संगणकावर कधी चुकलं नाही, कारण काढणारीही मीच आणि विचारणारीही मीच. आणि रोज सकाळी पहिली चिठ्ठी काट्याची निघत होती, म्हणून नकारही कधी आला नाही.

भाऊ दारात येऊन म्हणाले, "मग बोर्डानं दर वेळी एक काढून बघायचं. आकडा ताजा राहील."

मी म्हटलं, "भाऊ, बघायला एक काढला की तो आकडा जातो. बोर्ड दर मिनिटाला बघतो. तासात साठ टोकनं कोणाला न देता संपतील. मग बाहेर काय होईल ते तुम्हीच सांगा."

ते दारातून मागे सरले. त्यांच्याशी मी असं पहिल्यांदाच बोलले होते.

उपाय साधा होता. जोडणीला विचारायचंच नाही. क्रम स्वतः शेवटचा दिलेला आकडा जवळ ठेवतो, तो एखाद्या टेबलातून वाचावा तसा थेट वाचायचा. वाचल्यानं आकडा पुढे सरकत नाही. कोणीही, कुठूनही वाचा, सारखाच दिसतो. एकच खोच होती. क्रम नव्यानं लावला आणि एकही टोकन निघालेलं नसलं तरी तो एक दाखवतो. आकडा खरंच दिला गेला का, हे त्याच्या शेजारी वेगळं लिहिलेलं असतं. तेही तपासून शून्य दाखवायचं केलं. एका ओळीच्या जागी दोन ओळी झाल्या.

बोर्डावर त्रेपन्न आलं. नानांनी आत विचारून खात्री केली. शेवटचं टोकन त्रेपन्नच होतं.

मग खणातलं दोनचं टोकन घेऊन बाहेर गेले आणि आबांच्या हातात दिलं.

"हे घ्या दोन. कोणाला दिलं नव्हतं. बोर्ड सुरू करायला मी काढलं. आकडा अडकला ती चूक माझी. मधली सगळी टोकनं गाड्यांनाच दिली आहेत, मोजून घ्या. नऊवाला पहाटे पाचला आला होता."

त्यांनी खरंच मोजायला लावली. तीनपासून पुढं प्रत्येकानं आपला आकडा ओरडून सांगितला, वजन होऊन गेलेल्यांचे नानांनी वहीतून वाचले. बाबांनी "नऊ" म्हटलं, बाकीच्यांच्याच आवाजात. त्रेपन्नपर्यंत एकही सुटला नाही. आबा म्हणाले, "मग आधीच सांगायचं ना, ताई," आणि आपल्या ट्रॅक्टरकडे गेले. बाबांची माफी कोणी मागितली नाही. वजन झाल्यावर बाबा माझ्या खिडकीसमोरून गेले, "जेवली का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "हो." जेवले नव्हते.

बोर्ड त्यानंतर अडकला नाही. तीन महिने भरले त्या दिवशी भाऊंनी कायमचं पत्र दिलं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि कायमची नोकरी लागलेलीही मीच पहिली.