तीन नंबरचं मशीन

दर रविवारी दहाच्या सुमारास माझ्या दारावर दोनदा टकटक व्हायची. पहिली जोरात, आणि त्या जोराची माफी मागितल्यासारखी दुसरी हळू. मी आतूनच म्हणायचे, "ये गं मुंगे, दार लोटलेलंच आहे."

मुंगी माझी जुनी विद्यार्थिनी. सातवीत वर्गात सगळ्यात लहानखुरी होती आणि स्वस्थ बसलेली मला एकदाही आठवत नाही, म्हणून वर्गाने तिला मुंगी केलं. आमच्या शाळेतल्या बऱ्याच मुली पुढे शर्टांच्या कारखान्यात लागल्या, त्यामुळे हे नावही तिच्याबरोबर तिकडे गेलं. शिवणकामाच्या तासाला हिच्या शेजारणीचा रुमाल हिच्याच टाक्यांचा असायचा. मला ते कळायचं. मी हसून दोघींना गुण द्यायचे. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर ती माझ्याकडे पुन्हा येऊ लागली, कारण तिला सुपरवायझर केलं होतं आणि दर आठवड्याला अहवाल लिहून द्यावा लागायचा. "बाई, कॉलर सांगा, डोळे मिटून चढवीन. पण 'सदर आठवड्यात' म्हटलं की पुढचं सुचतच नाही." मग ती सांगायची आणि मी लिहायचे. किती शर्ट झाले, किती परत आले, कोण रजेवर होतं. एक ओळ दर वेळी तीच असायची : तीन नंबरचं मशीन दुरुस्तीला आहे.

एकोणीस वर्षं ती त्याच तीन नंबरवर बसली होती. खिडक्यांना लागून असलेल्या रांगेत, दाराकडून तिसरं. चार नंबरवर तिची मैत्रीण, जिला सगळा कारखाना रेडिओ म्हणायचा. तिचा तोंडाचा पट्टा सकाळी आठला सुरू व्हायचा तो सुट्टीची घंटा होईपर्यंत. नणंदेचं लग्न, नवऱ्याचं घोरणं, मॅनेजरसाहेबांची चाल, सगळं त्यात यायचं. मुंगी फारशी बोलायची नाही, पण हसायची नेमकी हवी तिथे. दोघी कॉलरवाल्या. शर्टात कॉलर सगळ्यात अवघड. दोन्ही टोकं सारखी आली नाहीत तर बाकी शर्ट कितीही चांगला शिवा, तो वाकड्या तोंडाचाच दिसतो. दुपारी शेजारच्या खोलीत कापड कापायच्या लांब टेबलावर डबे उघडायचे आणि मुंगीची जागा भिंतीकडच्या कोपऱ्यात ठरलेली असायची.

जुन्या सुपरवायझरबाई निवृत्त झाल्या आणि मॅनेजरसाहेबांनी मुंगीला काचेच्या खोलीत बसवलं. पहिल्या दिवशी ती बाहेर आली तेव्हा रेडिओ उठून उभी राहिली, हात जोडले आणि म्हणाली, "या मॅडम, या. आमच्या गरिबांच्या मशीनवर नजर टाका." सगळ्या खदाखदा हसल्या. मुंगीही हसली.

"बाई, ते एकत्र हसणं शेवटचं," ती मला म्हणाली. "पुढच्या आठवड्यातही मला मॅडमच म्हणाल्या, पण कुणी हसलं नाही."

जेवायला बोलावणंही बंद झालं. कुणी ठरवून केलं नाही. त्यांना वाटलं हिला आता खोली आहे, हिला वाटलं बोलावतील तेव्हा जाऊ. डबा काचेच्या खोलीत उघडायचा आणि भिंतीपलीकडून हसणं ऐकू यायचं. रेडिओ काय म्हणाली असेल, याचा अंदाज बांधत ती जेवायची.

आणि त्याच सुमारास रेडिओच्या कॉलर वाकड्या येऊ लागल्या. एक टोक मोठं, एक लहान. दिवसाला चार, कधी सहा. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. सुपरवायझरचं काम सरळ होतं, शर्ट परत द्यायचा आणि बोलायचं. मुंगीची जीभ रेटेना. आधीच ती परक्यासारखी वागते, त्यात हे बोलले तर उरलंसुरलंही जाईल, असं तिला वाटलं. मग तिने आपल्या स्वभावाला धरून उपाय काढला. जेवणाच्या अर्ध्या तासात, हॉल रिकामा असताना, ती तीन नंबरवर बसायची, रेडिओच्या कॉलर उसवायची आणि नीट चढवून गठ्ठ्यात ठेवून द्यायची. मशीनचा आवाज पलीकडे जायचा, पण त्यावर 'दुरुस्ती' अशी पाटी लटकत होती. बाकीच्यांना वाटायचं, मेकॅनिक आलाय. "काय बाई असाध्य रोग झालाय त्या तीन नंबरला," रेडिओ म्हणायची, "मेकॅनिकच आधी जाईल."

असे चार महिने गेले.

एक दिवस पॅकिंगला माणसं कमी पडली, म्हणून रेडिओला दोन तास तिकडे पाठवलं. प्रत्येक शर्टाला शिवणारीच्या नंबरची चिठ्ठी टाचलेली असते, ती पॅकिंगलाच निघते. रेडिओच्या हाती स्वतःच्याच नंबरचा शर्ट आला. तिने सवयीने कॉलरची कड उलटून पाहिली. रेडिओ टीप संपवताना दोन टाके मागे घेते. मुंगी तीन घेते. तीन टाके होते. तिने दुसरा काढला. त्यातही तीन.

ती शर्ट घेऊन काचेच्या खोलीत गेली.

"हा कुणाचा?"

"तुझ्या नंबरचा आहे," मुंगी म्हणाली.

"नंबर माझा. हात कुणाचा?"

मुंगीची नजर कॉलरच्या कडेवर गेली.

"किती दिवस चाललंय?"

"चार महिने. अगं, तुला वाईट वाटेल म्हणून..."

"हो ना. आता बघ कसं गोड वाटतंय." रेडिओने शर्ट टेबलावर ठेवला, घडी मोडू न देता. "चार महिने घरी सांगत होते, वय झालं तरी माझा एक शर्ट परत येत नाही म्हणून. नवऱ्याने शेजाऱ्यांना सांगितलं. आता त्याला काय सांगू?"

त्या दिवसापासून रेडिओ बंद. अख्खी रांग मुकी झाली, नुसती मशीनं चालायची. शुक्रवारी तिने अर्ज दिला : मागच्या इमारतीत, काज-बटणाच्या खात्यात बदली मिळावी. सोमवारी साहेबांपुढे जाणार होता.

त्या रविवारी मुंगी आली ती अहवालाचा कागद न काढताच बसली. "बाई, तुम्ही एक पत्र लिहून द्या. तिचं मन वळेल असं. तुम्हाला शब्द येतात."

मी म्हटलं, "लिहीन. पण आधी एक सांग. तिच्या कॉलर वाकड्या का येत होत्या?"

"हात बसत नसेल. वय..."

"तिने सांगितलं तसं?"

"नाही."

"तू विचारलंस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. सातवीत फळ्यापाशी उभी केली की बघायची तशी. चार महिन्यांत चारशेवर कॉलर तिने उसवल्या होत्या आणि हा एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता. पत्र लिहिलं गेलं नाही.

पुढचं तिनेच मला सांगितलं. सोमवारी आठ वाजता ती चार नंबरपाशी जाऊन उभी राहिली. रेडिओने मान वर केली नाही.

"कॉलर का फिरते गं तुझी?"

"माझा हात गेलाय. तुला माहीतच आहे."

"मला काही माहीत नाही. म्हणून विचारतेय."

रेडिओने मशीन थांबवलं आणि ती उठली. मग सुईकडे बोट दाखवून म्हणाली, "बस इथे. एक चढव."

मुंगी बसली. कापड गडद निळं, दोरा निळा. एकोणीस वर्षं ती शेजारी बसली होती, पण या खुर्चीवर कधी नाही. सगळ्या रांगेने मशीनं थांबवली. तिने टीप घातली, तीन टाके मागे घेतले आणि शर्ट उचलून धरला. उजवं टोक नजरेत भरेल इतकं मोठं होतं.

तिने मान वळवून खिडकीकडे पाहिलं. खिडकी आणि चार नंबर यांच्या मध्ये लोखंडी कपाट उभं होतं. फायलींचं. काचेच्या खोलीत मावेना म्हणून तिनेच पहिल्या आठवड्यात तिथे ठेववलेलं. त्याची सावली बरोबर सुईवर पडत होती. तीन नंबरवर मात्र उजेड पूर्वीसारखाच होता, म्हणून चार महिने तिथे बसूनही हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"बोलली का नाहीस?"

"कुणाला? मॅडमना सांगायचं, कपाट हलवा? लोक म्हणाले असते, हिचा हात गेला आणि ही कपाटाला नावं ठेवतेय." आणि मग, "शेजारी असतीस तर बोलले असते."

चौघींनी मिळून कपाट काचेच्या खोलीत ढकललं. आता खोलीत वळायलाही जागा नाही; मुंगी आडवी होऊन आत शिरते. "बाई, मुंगी आहे म्हणून मावते," तिने मला सांगितलं, आणि मला कळलं की हा विनोद रेडिओचा.

बदलीचा अर्ज रेडिओने स्वतः परत मागून घेतला. वाकडी कॉलर आता जिची तिला परत जाते, आणि मुंगी शेजारी उभी राहून आधी विचारते. कधी उजेड कमी असतो, कधी सुई बोथट, कधी घरी मूल आजारी. कधी नुसता आळसही असतो, तेही आता ती तोंडावर सांगते.

पण आणखी एक गोष्ट उरली होती. रांगेत कॉलरला माणूस कमी होता आणि तीन नंबर पाच महिने रिकामं होतं. गेल्या रविवारी ती नेहमीसारखी सांगत होती, मी लिहीत होते. सवयीने मी स्वतःच पुढे लिहायला घेतलं : तीन नंबरचं मशीन दुरुस्तीला...

"ते खोडा, बाई."

मी पेन थांबवलं.

"ते कधी बिघडलंच नव्हतं. मीच पाटी लावली होती, माझ्या जागी कुणी बसू नये म्हणून." ती खिडकीबाहेर बघत होती. "परवा काढली. नवीन बाई आली आहे, दोन मुलांची आई. रेडिओ शिकवतेय तिला. जेवायला तिला माझ्या कोपऱ्यात बसवलं."

"आणि तुला?"

"मलाही म्हणाल्या, ये. गेले एक दिवस. सगळ्या जरा जपून बोलत होत्या." ती हसली, नेमकं हवं तिथे हसायची तसं. "आता आठवड्यातून एकदा जाईन. रोज नको. त्यांनाही माझ्यावर रागवायला जागा हवी ना."

मी ती ओळ खोडली. नवी ओळ तिने स्वतः लिहायला घेतली. अक्षर अजून सातवीतलंच, गोल आणि जरा उजवीकडे कललेलं. 'तीन नंबरचं मशीन चालू आहे.' एवढं लिहून तिने पेन खाली ठेवलं. मग तिचा उजवा पाय माझ्या खुर्चीखाली फरशीवर हलकेच दाबला गेला, थांबला, पुन्हा दाबला गेला. मशीनच्या पायपट्टीवर दाबावा तसा. तिला ते कळलं नसावं.