चार इंजिनांचं विमान आणि कोड ऑरेंज

शाळेत वर्गाचा फोटो असायचा, त्या दिवशी आई मला घरी ठेवायची. युनिफॉर्म होता, पण पाठीला ठिगळ. "फोटोत कायमचं राहतं गं," ती म्हणायची. वडील मंडपवाल्याकडे बांबू बांधायचे, आई मंगल कार्यालयात भांडी घासायची. परक्यांच्या लग्नाच्या अल्बमांत कुठेतरी कडेला त्यांचे हात आले असतील. आमच्याकडे अल्बम नव्हता. माझा पहिला फोटो दहावीच्या फॉर्मसाठी काढला, मैत्रिणीचा ड्रेस घालून.

घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. हे मी कोणी न विचारताही सांगते.

आता नेदरलँड्समध्ये, टिलबर्गला एका गोदामाचं सॉफ्टवेअर सांभाळते आणि सुट्टीला विमानांचे फोटो काढते. त्या शनिवारी आम्स्टरडॅमला एक जुनं चार इंजिनांचं मालवाहू जंबो उतरणार होतं. कंपनी ते मोडीत काढणार होती, इथली ही त्याची शेवटची फेरी. ते मला हवंच होतं. आमचा टीम लीड, पुण्याचा, गाडीने नेणार होता. सकाळी त्याचा फोन आला.

"अगं, हवामान खात्याचा कोड ऑरेंज लागलाय, घराबाहेर पडू नका म्हणतायत. बर्फात मरायचंय का? घरी ये, बायकोने मिसळ केलीये. विमानं काय, यूट्यूबवर बघ."

"मिसळ पुढच्या शनिवारीही होईल," म्हटलं आणि स्टेशन गाठलं.

निम्म्या गाड्या रद्द. दोन तासांचा रस्ता चार तासांचा झाला. बसमधून उतरून शेतांमधून चालत धावपट्टीच्या कुंपणाशी पोचले, तर तिथे फक्त सत्तरीचे एक डच आजोबा, घडीच्या शिडीवर चढून उभे. मी कॅमेरा स्वेटरच्या आत छातीशी धरला होता, तान्ह्या बाळासारखा.

"कॅमेरा आजारी आहे का?" आजोबांनी इंग्रजीत विचारलं.

"थंडी आहे ना."

"थंडी त्याला नाही वाजत. बॅटरीला वाजते."

तेवढ्यात एक प्रवासी विमान उतरलं. मी कॅमेरा काढून डोळ्याला लावला. माझ्याच घामाची वाफ काचेवर बसलेली; पांढऱ्या धुक्यापलीकडे काही दिसेना. नशीब, ते जंबो नव्हतं. मग कॅमेऱ्यावर पिशवी घालून तो स्वेटरच्या बाहेरच टांगला आणि बॅटऱ्या काखेत घेतल्या.

मग बर्फ काढायला धावपट्टीच बंद केली. मोबाईलवरच्या विमानांच्या नकाशात जंबो समुद्रावर घिरट्या घालताना दिसत होतं.

"आता ते दुसरीकडे जाईल," म्हणत आजोबांनी शिडी आवरली. "तूही घरी जा."

"ते वळलं की मी वळेन."

ते हसले आणि शिडी माझ्यापाशी ठेवून गाडीत जाऊन बसले. टीम लीडचा मेसेज आला, 'रस्सा गार होतोय.' मोबाईल खिशात टाकला. बोटं बधिर झाली होती. पण उभं राहायला मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं, ते घरचंच.

तासाभराने धावपट्टी उघडली. काखेतली बॅटरी घालून मी शिडीवर चढले. फोकस बर्फाच्या कणांवरच अडकत होता, म्हणून तो हाताने लावला. जंबो ढगातून एकदम खाली आलं. नऊ वेळा बटण दाबलं. आठ फोटो वाया गेले.

सोमवारी टीम लीड म्हणाला, "राखाडी आलाय गं. जरा एडिट कर."

"आकाश राखाडीच होतं. तू आला असतास तर दिसलं असतं."

फोटोला मी हात लावलेला नाही. त्या विमानाचं इथलं शेवटचं उतरणं मी टिपलं, आणि त्याची चारही इंजिनं स्पष्ट आली आहेत.