पान अकरा

माझ्या धाकट्या दिरांनी पुस्तक लिहिलं. पुस्तकं लिहिणारे पुष्कळ असतात. पुस्तकाच्या आधीच लेखक होऊन बसलेला माणूस मात्र मी एवढा एकच पाहिला, तोही रोज, भाजी निवडता निवडता.

भाऊजी वेबसाइट बनवणाऱ्या एका कंपनीत होते. तिथे त्यांना एका साधनाचं वेड लागलं. साधन म्हणजे कॉम्प्युटरवरची अवजारांची पेटीच. तिच्या जोरावर वेबसाइट भराभर उभी राहते. ते ओपन सोर्स होतं, म्हणजे फुकट, आणि आतली ओळन् ओळ कुणीही उघडून बघावी, चुकलं असेल तर सांगावं, जमलं तर दुरुस्त करावं असं. लांबलांबची माणसं आपापल्या घरून ते सांभाळतात. साधन गुणी, पण फारसं कुणाच्या कानावर गेलेलं नव्हतं. ते लोकांच्या कानावर घालायचा विडा भाऊजींनी उचलला. सांभाळणाऱ्या मंडळींनी कळवलं, की पुस्तक नवख्या माणसाच्या खरंच उपयोगी पडलं तर आमच्या साइटच्या पहिल्या पानावर लावू. तेवढ्या एका वाक्यावर भाऊजींनी नोकरी सोडली आणि आमच्या जेवणाच्या टेबलाचा खिडकीकडचा अर्धा भाग ताब्यात घेतला.

पहिले दोन महिने प्रस्तावनेत गेले. तिसऱ्यात लेखकाचा फोटो निघाला: नजर लांब कुठेतरी, हातात चष्मा. चष्मा माझा होता; भाऊजींना नंबर नाही. चौथा महिना ऋणनिर्देशाने खाल्ला. माझ्या नवऱ्याने तर सख्ख्या भावाचं नावच बदलून टाकलं. "प्रस्तावना जेवली का?" असं विचारायचे.

पुस्तकाचं नाव ठरलं, 'पाच मिनिटांत वेबसाइट'.

"पाच कशी मोजलीत?" मी विचारलं.

"मोजायची काय वहिनी त्यात? ते मनावर ठसायला असतं."

शेवटी मजकूरही झाला. तो करून बघायला नवखा माणूस हवा होता, आणि घरात माझ्याइतकं नवखं कोण? मी माझा जुना लॅपटॉप उघडला, कॉलेजातल्या सवयीने पेन्सिल घेतली आणि पान एकपासून सांगितलं तसं करत गेले. पान अकरावर लिहिलं होतं: अमुक एक प्रोग्रॅम आधी कॉम्प्युटरवर घ्या, मग स्क्रीनवर उघडणाऱ्या काळ्या खिडकीत हा आदेश टाइप करा. मी केला. उत्तर आलं, असा आदेशच नाही. अक्षर अन् अक्षर ताडून पाहिलं. पुन्हा तेच. अशी चाळीस मिनिटं गेली. तेवढ्यात दूध करपल्याचा वास आला. मी वैतागून ती खिडकी बंद केली आणि धावले. भांडं भिजत टाकून परत आले, खिडकी नव्याने उघडली, तोच आदेश दिला, तर सगळं सुरळीत. म्हणजे प्रोग्रॅम घेतल्यावर खिडकी एकदा मिटून उघडायची होती. एका ओळीचं काम. भाऊजींच्या कॉम्प्युटरवर ते सगळं सहा वर्षांपूर्वीच बसलेलं. पान अकराच्या वाटेने ते स्वतः कधी गेलेच नव्हते. ही ओळ तेवढी घाला, मी त्यांना सांगितलं.

"हे कुणालाही कळतं," ते म्हणाले.

"मला नाही कळलं."

"तुमची गोष्ट वेगळी, वहिनी."

"वेगळी म्हणूनच बसवलंत ना मला?"

"हे पुस्तक प्रचाराचं आहे. असल्या बारीकसारीक पायऱ्या घातल्या की साधन अवघड वाटतं."

साधनाची ओळन् ओळ जगाला उघडी, आणि त्याच्या प्रचारकाला एक ओळ वाढवायचं जिवावर आलं. पुस्तक तसंच छापलं. ऋणनिर्देशात मी होते: 'वेळोवेळी चहा देणाऱ्या वहिनी'.

प्रकाशन एका वाचनालयाच्या सभागृहात होतं. पुस्तकांच्या खोक्यांपैकी एक मी उचललं होतं. साधन मुळात ज्यांनी लिहायला घेतलं त्या बाई आल्या, साध्या सपाता घालून, कुणाचं लक्षही जाऊ नये अशा. सोबत दातांच्या दवाखान्यात नावनोंदणी करणारी एक मुलगी आणि तिचा नवा लॅपटॉप. "पहिल्या पानाचं ठरवायच्या आधी हिला पाच मिनिटं देऊ," बाई म्हणाल्या.

मुलगी पान अकरावर अडकली.

"तुमचा लॅपटॉप जुना असेल," भाऊजी म्हणाले.

"कालच घेतलाय."

"मग टाइप करताना काहीतरी..."

"रोज साठ पेशंटची नावं टाइप करते मी."

चौदा मिनिटं झाली. मागे खुर्च्या करकरायला लागल्या. बाईंनी शांतपणे विचारलं, "छापायच्या आधी कुणी करून बघितलं होतं?"

"हो तर. पुष्कळांनी."

"कुणी अडकलं?"

"कुणीच नाही."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी गप्प बसले असते तर त्यांचं पहिलं पान कदाचित तरलं असतं. पण त्या मुलीचे कान लाल झाले होते.

"मी अडकले होते," मी म्हणाले. "चाळीस मिनिटं. ती काळी खिडकी बंद कर, बाळ, आणि परत उघड."

तिने उघडली. चाललं. "मला वाटलं मीच ढ," ती हळूच म्हणाली.

"ही ओळ पुस्तकात घाला आणि प्रत पाठवा," बाई भाऊजींना म्हणाल्या. "मग पहिल्या पानाचं बघू."

घरी आल्यावर दारात चपला काढताना भाऊजी म्हणाले, "नाक कापलंत माझं."

"अडकलं होतं, सोडवलं," मी म्हणाले आणि स्वयंपाकाला लागले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी 'पंधरा' असं छापलेल्या चिकटपट्ट्या आणल्या आणि मुखपृष्ठावरच्या 'पाच'वर एकेक लावत बसले. पान अकराचं नाव नाही. मीही समोर बसले आणि कागदाच्या चिठ्ठ्यांवर ती एक ओळ लिहून प्रत्येक प्रतीत, पान अकराला, चिकटवायला लागले. दहा-बारा झाल्यावर भाऊजींनी एक चिठ्ठी उचलली. वाचली. मला वाटलं, आता फाडतात.

"ही प्रत बाईंना जायची आहे," ते म्हणाले आणि गोंद माझ्याकडे सरकवला. "अक्षर जरा बरं काढा."